तिसरा आकडा

पालथ्या बादलीवर उभी राहून थोरली जाऊ न्हाणीघराच्या खिडकीतून कपडे वाळत घालायची काठी डक्टमध्ये, दोन घरांमधल्या अरुंद पोकळीत, हळूहळू पुढे सरकवत होती. काठीच्या टोकाला सुतळीनं निळी केबल बांधली होती. समोर, हात लांबवून पुरणार नाही इतक्या अंतरावर, दुसऱ्या घराच्या न्हाणीघराची तशीच खिडकी होती आणि तिच्यातून एक हात बाहेर आला होता. हातात हँगर सरळ करून केलेला हूक.

“जरा डावीकडे घ्या, ताई.”

“माझ्या डावीकडे की तुझ्या?”

“माझ्या. थांबा, नाही. तुमच्या.”

खालच्या पाइपावर बसलेलं कबुतर दोघींच्या मधून फडफडत वर गेलं. काठी हलली, केबल भिंतीवर आपटून मागे आली. थोरलीनं ओठ दाबले, बादलीवर पाय पुन्हा नीट रोवले आणि काठी परत पुढे केली. खांदा भरून आला होता. या खेपेला हूक सुतळीत अडकला.

“धरली,” धाकटी पलीकडून म्हणाली. “सोडा आता. अशी ओढून धरलीत तर मीच येईन खिडकीतून तुमच्याकडे.”

“ये की. तेवढाच एक रस्ता उरलाय.”

या दोन्ही खिडक्या एके काळी एकाच घराच्या होत्या. दोघी सख्ख्या जावा. त्यांचे नवरे सख्खे भाऊ. सासऱ्यांना एकाएकी दवाखान्यात हलवावं लागलं तेव्हा धाकटा भाऊ कामासाठी परगावी गेला होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. डॉक्टर म्हणाले, थांबायला वेळ नाही, ऑपरेशन करावं लागेल. थोरल्या भावानं सही केली. सासरे टेबलावरून उठले नाहीत. धाकटा पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. जमलेल्या माणसांदेखत तो एवढंच बोलला, “मला विचारलं असतंस तर.” पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही. थोरल्यानंही ते पुरं करायला लावलं नाही. काही महिन्यांनी मधल्या बोळात विटांची भिंत उभी राहिली, जिन्यावर एका दाराशेजारी दुसरं दार आलं, आणि भाऊ भावाशी बोलायचा थांबला. घराची वाटणी झाली खरी. भांडण मात्र दोघी जावांनी आपापल्या वाट्याला घेतलं नाही. कपडे धुताना डक्टच्या खिडकीतून त्यांचं सगळं बोलणं व्हायचं, नळ मोठा सोडून.

केबलची वेळ आली ती थोरलीच्या कामामुळे. दूरदूरच्या दवाखान्यांतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याच्याबद्दल यंत्रात बोलून ठेवत. ते बोलणं इंटरनेटवरून तिच्याकडे येई, ती ऐकून ते टाइप करी आणि परत पाठवी. पन्नाशी डोळ्यांसमोर दिसायला लागल्यावर मिळालेलं तिचं हे पहिलं स्वतःचं काम. डॉक्टर घाईत बोलत, कुणी तर तोंडात घास असल्यासारखे. पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली होती. आता कोण कुठं थांबून श्वास घेतो तेसुद्धा तिला कळत होतं. काम देणाऱ्या कंपनीतली पर्यवेक्षक बाई अजून तिला ‘तुमची चाचणी चालू आहे’ असंच म्हणायची. महिनाअखेर ठरणार होतं, ठेवायचं की नाही.

नेमका तेव्हाच खालचा रस्ता खणला गेला आणि घरात येणारी इंटरनेटची जुनी तार तुटली. इंटरनेट कंपनीनं हात वर केले. नवीन केबलच्या खांबावर एकच जागा शिल्लक होती आणि ती आधीच धाकट्याला मिळाली होती. त्याच्या राउटरच्या लहरी बोळातली ती भिंत ओलांडून येत नसत. आल्याच तर उंबरठ्यावरून परत फिरत. फोनला सिग्नल फक्त गच्चीच्या जिन्यात यायचा, तोही मेहेरबानी केल्यासारखा. आठवडाभर थोरली पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली. एकदा फाइल उशिरा पोचली. पर्यवेक्षक बाईंनी दोनच ओळींचा निरोप पाठवला, पण त्या दोन ओळींत पुष्कळ काही होतं.

नवऱ्याजवळ तिनं एकदा विषय काढून पाहिला होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. बोलायचाही तसाच, घासून घासून, थोडं.

“त्याच्या घरातून मला सुई नको,” तो म्हणाला होता.

म्हणून आता बादली, काठी आणि सुतळी. दोन्ही नवरे कामावर गेल्यावरची वेळ.

केबल धाकटीच्या हातात गेली आणि खरं काम सुरू झालं. धाकटी दातांच्या डॉक्टरकडे अर्धा दिवस मदतीला जायची आणि कुठलीही गोष्ट अर्ध्यावर वाचून पुढे जायची, ही थोरलीची तिच्याबद्दलची एकमेव तक्रार. तिच्या नवऱ्याच्या कंप्युटरला मागे केबलची दोन भोकं होती. तो लोकांच्या घरातली कपाटं आणि ओटे आखून द्यायचा, त्यासाठी घेतलेलं चांगलं यंत्र. एका भोकात राउटरकडून इंटरनेट यायचं, दुसरं रिकामं होतं. त्या रिकाम्या भोकात निळी केबल गेली. धाकटी फोनवर कृती वाचत होती आणि खिडकीशी येऊन ओरडत होती. थोरली ऐकून आपल्या टेबलाकडे धावत होती आणि परत येत होती.

“प्रत्येक यंत्राला पत्ता द्यायचा म्हणे. आकड्यांचा,” धाकटी म्हणाली. “एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, शून्य. इथपर्यंत दोघींचा सारखाच. शेवटी मला एक, तुम्हाला दोन.”

“का, मी थोरली ना?”

“इंटरनेट माझ्याकडे आहे ना.”

थोरली हसली आणि दोन टाकून आली. मग त्याखाली तीनदा दोनशे पंचावन्न आणि शेवटी शून्य अशी एक ओळ. मग आणखी एक चौकट, तिच्यात काय टाकायचं ते कळेना.

“तिथं माझा पत्ता टाका,” धाकटी म्हणाली. “बाहेर पडायचं दार कुठलं ते विचारतंय. त्याच्या खालच्या चौकटीतही तोच.”

“म्हणजे मला बाहेर पडायचं तर तुमच्या घरातून.”

“हो. आणि तुमच्याकडे यायचं असेल त्यालाही आमच्याच घरातून.”

थोरलीनं परत जाऊन एकेक आकडा तपासून टाकला आणि डॉक्टरांच्या फायलींचं पान उघडून पाहिलं. पान उघडलं नाही. कोपऱ्यात ‘इंटरनेट नाही’ सांगणारा पिवळा त्रिकोण आला आणि तिथंच बसून राहिला. त्यांनी केबल काढून घातली, दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. त्रिकोण हटला नाही. एवढ्यात धाकटीच्या दाराशी किल्लीचा आवाज झाला. “हे आले,” एवढं बोलून तिनं खिडकी लावून घेतली. केबल फटीतून तेवढी आत गेलेली.

दुसऱ्या दिवशीही तेच. धाकटी कंटाळली.

“ताई, कुणीतरी माणूस बोलावू. पंधरा मिनिटांचं काम असेल त्याला.”

“माणूस दोन्ही घरांतून फिरणार. मग दोन्ही घरांत बोंब होणार. थोडं थांब.”

तो दिवस थोरलीनं गच्चीच्या जिन्यात काढला. काम संपवून उरलेल्या वेळात फोनवर वाचत बसली, सावकाश, एकेक वाक्य दोनदा. त्यात तिला हाक मारायची रीत सापडली. कंप्युटरवर एक काळी चौकट उघडायची, तिच्यात पलीकडच्या यंत्राचा पत्ता लिहायचा. आपलं यंत्र त्याला हाक मारतं आणि उत्तराची वाट बघतं. पलीकडचं जागं असेल तर ओ देतं. खाली येऊन तिनं धाकटीच्या पत्त्याला हाक मारली. लगेच ओ आली, एकाखाली एक चार ओळी. म्हणजे केबल ठीक होती, आकडे ठीक होते. दोन्ही घरं एकमेकांना ओळखत होती. अडत होतं ते त्यापुढे.

ती न्हाणीघरात गेली. “अगं, ते ‘वाटून द्या’ म्हणून कुठंतरी टिचकी मारायची होती ना? ते तू कुठल्या केबलवर केलंस?”

“निळ्या. तुमच्याकडे जाते तिच्यावर.”

“आणि लिहिलंय काय?”

धाकटी वाचत राहिली. या वेळी शेवटपर्यंत वाचलं असावं, कारण नंतर तिचा हसू दाबल्याचा आवाज आला.

“जिथून इंटरनेट येतं तिच्यावर करायचं होतं. मी उलटं केलं. म्हणजे ताई, तुमच्याकडे नसलेलं इंटरनेट मी दोन दिवस जगाला वाटत होते.”

“तरीच कुणी घेत नव्हतं.”

टिचकी या बाजूची त्या बाजूला झाली. वाटून द्यायचं ठरल्यावर यंत्रानं काही क्षण विचार केला, आणि थोरलीच्या पडद्यावरचा पिवळा त्रिकोण गेला. ती खुर्चीत बसली. हेडफोन कानाला लावले. एक डॉक्टर खोकला आणि कुणाच्या तरी गुडघ्याबद्दल सांगू लागला. ते सगळं होईपर्यंत धाकटी खिडकीशी वाट बघत उभी आहे, हे थोरलीच्या फार उशिरा लक्षात आलं.

नवऱ्यापासून लपवायचं असं तिनं ठरवलं नव्हतं. आपण होऊन सांगायचं नाही, एवढंच ठरवलं होतं. चारसहा दिवसांतच त्यानं पाहिलं. तोंड धुऊन टॉवेल घ्यायला वळला आणि केबल दिसली. बोटानं तिचा माग काढत तो खिडकीपासून दाराच्या चौकटीवरून टेबलापर्यंत आला.

“ही केबल कसली?”

“कामाची.”

“येते कुठून?”

“खिडकीतून.”

“खिडकीपलीकडे काय आहे ते मला ठाऊक आहे.”

“मग विचारता कशाला?”

तो टॉवेलनं हात पुसत राहिला. “त्याच्या घरातून सुईसुद्धा नको, असं मी म्हणालो होतो.”

“तुम्हाला नको. मला हवी होती.”

“काढून टाक ती.”

“नाही.”

थोरलीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली. तिचा आवाज चढला नव्हता. तिला स्वतःलाच त्याचं आश्चर्य वाटलं.

“तुमच्या भांडणात मी कधी पडले नाही,” ती म्हणाली. “भिंत घातलीत, तेव्हासुद्धा नाही. पण तुमचं भांडण माझ्या कामात पडू द्यायचं नाही, हे मी ठरवलंय. काढायची असेल तर तुम्ही काढा. मी परत लावीन. बादली तिथंच आहे.”

त्यानं टॉवेल खुंटीला अडकवला. मग शर्ट घालून दुकानात गेला. दोन दिवस त्यानं अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मीठ मागितलं. केबलला त्यानं हात लावला नाही. तिच्याकडे बघायचंही टाळलं. न बोलावता आलेल्या पाहुण्याला टाळावं, तशी दाढी करताना मान दुसरीकडे वळवून घ्यायचा.

खरी अडचण वेगळीच निघाली. धाकट्याला दिवा, पंखा, यंत्र, काहीही विनाकारण चालू दिसलं की चैन पडत नसे. कामावर निघताना तो घरातली सगळी बटणं बंद करत निघायचा आणि त्याचं यंत्र बंद झालं की थोरलीचं जगही बंद व्हायचं. वाक्याच्या मध्येच पिवळा त्रिकोण येई. मग दुपारी धाकटी कामावरून परत येऊन बटण दाबेपर्यंत गप्प बसायचं. थोरलीनं आपली कामाची वेळच बदलली. सकाळी तो घरात असतानाच सगळ्या फायली उतरवून घ्यायच्या, मधल्या वेळात टाइप करायच्या, दुपारी धाकटी आली की पाठवायच्या. घड्याळ दुसऱ्याच्या हातात असलं तरी तिला चालत होतं.

“भाऊजींना कळलंय का गं?” तिनं एकदा खिडकीतून विचारलं.

“काय माहीत. बोलत काही नाहीत. पण यंत्रामागे एक जास्तीची निळी केबल आहे, हे न दिसायला ते काही आंधळे नाहीत.”

“मग?”

“मग काय. तुमचे हे नाही का बघून न बघितल्यासारखं करत? एकाच आईची मुलं.”

महिना संपत आला तेव्हा धाकटीच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. ती बॅग भरून खिडकीशी आली. चेहऱ्यावर काळजी होती, ती आईची की थोरलीची ते कळत नव्हतं.

“मी नसले तर दिवसभर बंद राहणार. तुमचे शेवटचे दिवस आहेत. यांना सांगू का?”

“नको. मी जिन्यात बसेन. तू आईकडे बघ.”

दुसऱ्या दिवशी थोरलीनं सकाळीच उशी आणि पाण्याची बाटली गच्चीच्या जिन्यात नेऊन ठेवली. पलीकडच्या दाराला कुलूप लागल्याचा आवाज आला. आता त्रिकोण येईल म्हणून ती पडद्याकडे बघत राहिली. त्रिकोण आला नाही. विसरले असतील, ती मनाशी म्हणाली आणि हाती लागलेल्या वेळाचा फायदा घेऊन भराभर काम उरकू लागली. संध्याकाळपर्यंत यंत्र चालू होतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

त्यानंतरच्या दिवशी धाकटा घरीच काम करत होता. भर दुपारी वीज गेली आणि थोड्या वेळानं आली. थोरलीचा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, पण पलीकडचं यंत्र वीज आल्यावर आपोआप उठणाऱ्यांतलं नव्हतं. तिनं काळी चौकट उघडून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. उत्तर नाही. उशी घेऊन जिन्यात जावं म्हणून ती उठणार, तेवढ्यात शेवटची ओळ बदलली. पलीकडून ओ आली होती. पलीकडे धाकटी नव्हती. बटण भाऊजींनी दाबलं होतं. मग तिनं हेडफोन लावले, कारण डॉक्टर बोलतच होते.

त्या रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा ती त्याला म्हणाली, “वीज गेली होती दुपारी.”

“हं.”

“यंत्र परत चालू झालं.”

“कुठलं?”

“दोन्ही.”

त्यानं पानातून मान वर केली नाही. पण घास हातात काही वेळ तसाच राहिला.

आणि मग, चाचणीच्या अगदी शेवटच्या दिवसाआधी, इंटरनेट कंपनीचा माणूस धाकट्याकडे येऊन जुना राउटर काढून नवा बसवून गेला. थोरलीला हे नंतर कळलं. तिला दिसलं ते एवढंच, की संध्याकाळी पिवळा त्रिकोण आला आणि सकाळीही होता. पलीकडच्या यंत्राला हाक मारली की ओ येत होती, पण त्यापलीकडे काहीच जात नव्हतं. तिनं आपले आकडे तपासले. सगळे जागच्या जागी होते. तयार झालेल्या फायली पडद्यावर ओळीनं उभ्या होत्या. त्या दुपारच्या आत पोचायला हव्या होत्या. जिन्यातला सिग्नलही सकाळपासून मेला होता.

तिनं गॅस बारीक केला, हात पुसले आणि पदर नीट केला. शेजारच्या दारावर जाऊन बेल वाजवायची. त्या दाराची बेल तिनं कधी वाजवली नव्हती. नवरा न्हाणीघरात आरशापुढे दाढी करत होता. त्याच्यादेखत जायचं होतं. जायचं तर जायचं. ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली, आणि डक्टमधून आवाज आला.

“वहिनी?”

आरशापुढचा हात थांबला.

“वहिनी, आहात का?”

थोरलीला न्हाणीघराचं उघडं दार दिसत होतं, आरसा दिसत होता आणि आरशातून नवरा तिच्याकडे बघत होता. अर्ध्या गालावर फेस. ओ द्यायला तिला एक पाऊलही टाकावं लागणार नव्हतं. ती दाराच्या चौकटीला टेकली आणि गप्प राहिली.

डक्टमध्ये पाणी ठिबकत होतं.

“ती कामात आहे,” नवरा म्हणाला.

थोरलीला वाटलं, आता पलीकडची खिडकी लागणार. मग धाकट्याचा आवाज आला, कुणीतरी लिहून दिलेलं वाचावं तसा.

“नवा राउटर बसवलाय. त्याचा आणि माझ्या यंत्राचा पत्ता एकच झाला होता. म्हणून पुढं जात नव्हतं. मी आता माझा बदलतोय. वहिनींना सांग, त्यांच्याकडे तिसरा आकडा बदलायचा. शून्य आहे तिथं पाच.”

नवऱ्यानं वस्तरा बेसिनच्या कडेवर ठेवला. तो टेबलाशी आला, चष्मा खाली ओढून पडद्यात बघू लागला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “कुठं आहे ते?”

थोरलीनं चौकट उघडून दिली आणि बाजूला झाली. त्यानं खुर्ची घेतली नाही. उभ्यानंच वाकून, काच तपासावी तसा, तो एकेक आकडा बघत गेला.

“एकशे ब्याण्णव,” तो न्हाणीघराच्या दिशेनं म्हणाला.

“हं.”

“एकशे अडुसष्ट.”

“हं.”

“शून्य.”

“तोच. तिथं पाच.”

त्यानं एका बोटानं शून्य पुसलं आणि पाच टाकला. “टाकला. त्याच्यापुढं दोन आहे.”

“दोन राहू दे. तो तुमचा.”

“खाली आणखी दोन ठिकाणी तोच शून्य दिसतोय.”

“तिथंही पाच.”

तो टाकत असताना पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. धाकटा उठून खिडकीच्या आणखी जवळ आला असावा. दोन्ही आकडे टाकून झाले. नवऱ्याचं बोट मधल्या ओळीवर येऊन थांबलं.

“दोनशे पंचावन्नच्या ओळीत शेवटी एक शून्य आहे,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “तोही बदलू का?”



“नको,” धाकटा म्हणाला. आवाज आता लिहिलेलं वाचल्यासारखा नव्हता. “तो तसाच असतो, दादा.”

“बरं.”

थोरलीनं हात पुढे करून बटण दाबलं. त्रिकोण काही वेळ राहिला, मग गेला. पहिली फाइल पाठवायला टाकली. पडद्यावर हिरवी रेघ हळूहळू उजवीकडे सरकू लागली. तिघंही थांबले होते, दोघं इकडे आणि एक पलीकडे.

“काय झालं?” पलीकडून.

“जातंय,” नवरा म्हणाला.

“आणखी काही लागलं तर... मी तासाभर आहे अजून घरी. नंतर कामावर. यंत्र चालूच असेल.”

नवरा न्हाणीघरात परत गेला. गालावरचा फेस वाळून पापुद्रा झाला होता. त्यानं नळ सोडला, गाल ओला केला आणि नळ बंद केला. वस्तरा उचलला, पण लावला नाही.

“ती नाहीये ना घरी,” तो खिडकीकडे न बघता म्हणाला. “जेवतोस कुठं?”

“बघतो काहीतरी.”

“हं.”

त्यानं वस्तरा गालाला लावला. थोरली स्वयंपाकघरात गेली. गॅस मोठा केला. तो आवरून, शर्ट घालून तिथं आला तेव्हा कानाखाली थोडा फेस राहिला होता. तिनं सांगितलं नाही. त्यानं फळीवरून आपला डबा काढला, ओट्यावर ठेवला. मग फळीच्या मागच्या बाजूला हात घालून दुसरा काढला, पुसून घेतला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

थोरलीनं दोन्ही डबे भरले. झाकणं दाबून बसवली. त्यानं एका हातात एक, दुसऱ्यात एक असे ते उचलले आणि कोपरानं दार ओढून घेतलं.

ती टेबलाशी आली. शेवटच्या फाइलची हिरवी रेघ पार पोचली होती. पर्यवेक्षक बाईंचं अजून काही आलं नव्हतं. येईल तेव्हा येईल. नवीन फायली मात्र येऊन पडल्या होत्या. हेडफोन हातात घेऊन तिनं बाहेरचा कानोसा घेतला. चपला जिना उतरत गेल्याचा आवाज आतापर्यंत यायला हवा होता. तो येत नव्हता. तिनं हेडफोन कानांना लावले आणि पुढची फाइल उघडली.